हिरडीचें कलम आणि सिगरेटचा धूर

दांत आहेत तर चणे नाहींत आणि चणे आहेत तर दांत नाहींत, ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्यानें सारा दोष दैवाच्या माथीं मारला. दांतांचें गाऱ्हाणें सांगतांना माणसाची ही खोड जुनीच आहे. पन्नाशी उलटली कीं हिरड्या ओसरावयाच्याच, दांत लांब दिसावयाचेच आणि थंड पाण्याचा घोट घेतांना कळ यावयाचीच, असें पुष्कळ सुशिक्षित घरांतूनहि गृहीत धरलें जातें. वयाचा या गोष्टीशीं संबंध आहे हें खरें. पण वय हें तिचें मूळ कारण नव्हे. वय वाढलें म्हणजे कारणांना आपलें काम करावयाला अधिक वर्षें मिळतात, इतकाच त्याचा अर्थ. त्या कारणांपैकीं एक असें आहे कीं, तें रोग वाढवितें, रोग झांकून ठेवतें आणि रोगावर केलेला उपायहि हाणून पाडतें. तें कारण म्हणजे तंबाखूचा धूर.

श्रोत्यांनीं एका गृहस्थाचें उदाहरण डोळ्यांपुढें आणावें. वय सत्तेचाळीस, नोकरी कचेरींतील, स्वभाव नीटनेटका. दिवसाला बारापंधरा सिगरेटी ओढण्याची संवय मात्र पंचवीस वर्षांची. एके दिवशीं सकाळीं दाढी करतांना त्यांना आरशांत दिसतें कीं, वरचा सुळा पूर्वींपेक्षां लांब झाला आहे. दांताचा पांढरा भाग जेथें संपतो तेथून वर पिंवळसर असें मूळ उघडें पडलें आहे. थंड कांहीं प्यालें कीं तेथें कळ येते. पत्नी म्हणते, "अहो, एकदां दांतांच्या डॉक्टरांना दाखवून तर या." गृहस्थ उत्तर देतात, "रक्त येत नाहीं, सूज नाहीं. डॉक्टर काय पाहणार? दांत नीट घांसले जात नसतील." आणि संध्याकाळीं ते बाजारांतून राठ केसांचा ब्रश घेऊन येतात.

या लहानशा प्रसंगांत दोन चुका झाल्या आहेत, आणि दोन्ही समजून घेण्यासारख्या आहेत.

निरोगी हिरडी दांताच्या मानेला घट्ट बिलगलेली असते. दांताचा जो भाग तोंडांत दिसतो त्यावर अत्यंत कठीण असें पांढरें कवच असतें. मुळावर असें कवच नसतें. त्याचें संरक्षण करावयाचें तें हाडानें आणि हिरडीनें. हिरडी आपली जागा सोडून मुळाच्या टोंकाकडे सरकली म्हणजे हा नाजूक भाग उघडा पडतो. मग थंड-गरम सोसत नाहीं, मूळ झिजतें, त्यास कीड लवकर लागते, आणि हंसतांना तोंड हातानें झांकण्याची पाळी येते.

हिरडी सरकण्याचीं कारणें अनेक आहेत. कांहींच्या हिरड्या जन्मतःच पातळ असतात. कांहींचा दांत ओळीच्या बाहेर आलेला असतो व त्यावरचें हाड कागदासारखें असतें. ओठ आणि हिरडी यांना जोडणारी दोरी कांहीं ठिकाणीं फार खालपर्यंत येऊन हिरडीला ताण देते. राठ ब्रशानें आडवें व जोरानें घांसण्याची संवय हें तर फारच सामान्य कारण आहे. भांडें घांसावें तसे दांत घांसणाऱ्यांच्या हिरड्या वर्षानुवर्षें झिजत जातात. म्हणून राठ ब्रश आणणें ही त्या गृहस्थांची पहिली चूक. शेवटचें मोठें कारण म्हणजे दांतांच्या आधाराचा रोग. किटण सांचून हिरडीखालीं दाह होतो, त्यानें हाड झिजतें, आणि हाड गेलें कीं हिरडीहि त्याच्यामागून जाते.

दुसरी चूक अधिक खोल आहे. रक्त येत नाहीं, म्हणून रोग नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. सामान्य माणसाच्या बाबतींत हा अडाखा बराचसा बरोबर ठरतो. हिरडीला दाह झाला कीं ती लाल होते, सुजते, आणि ब्रश लागतांच रक्त देते. निसर्गानें दिलेली ही सूचनाच होय. पण धूम्रपान करणाऱ्याच्या तोंडांत ही सूचना दबून जाते. धुरांतील निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करतें. पुष्कळ वर्षांच्या धूम्रपानानें हिरडी फिकट, जाडसर व वरून निरोगी वाटावी अशी होते. आंत हाड झिजत असतें आणि बाहेर सर्व शांत असतें. चोर घरांत शिरला असतां कुत्रा भुंकला नाहीं, म्हणून घरमालकानें निश्चिन्त झोपावें, तसाच हा प्रकार आहे.

या रोगाचा व धुराचा संबंध किती निकटचा आहे हें अमेरिकेंत झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीवरून दिसून येतें. इ. स. १९८८ ते १९९४ या काळांत तेथें हजारों प्रौढ माणसांचीं तोंडें तपासण्यांत आलीं, आणि त्यावरून काढलेले निष्कर्ष २००० सालीं प्रसिद्ध झाले. कधींहि धूम्रपान न केलेल्या माणसाच्या मानानें, चालू धूम्रपान करणाऱ्यास दांतांच्या आधाराचा रोग असण्याचा संभव सुमारें चौपट आढळला. त्या देशांतील या रोगाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांचें कारण चालू अथवा पूर्वींचें धूम्रपान हेंच असावें, असाहि हिशेब त्यांत मांडला होता. भारतांत २०१६-१७ सालीं झालेल्या राष्ट्रीय पाहणींत प्रौढांपैकीं शेंकडा १०.७ धूम्रपान करणारे व शेंकडा २१.४ तंबाखू खाणारे अथवा लावणारे आढळले. म्हणजे हा प्रश्न परक्या देशाचा नाहीं. तो दारांतलाच आहे.

आतां उपायाकडे वळावें. एकदां सरकलेली हिरडी आपण होऊन परत येत नाहीं. कोणतेंहि दंतमंजन, कोणतेंहि तेल, कोणतेंहि मालिश तिला पूर्वीच्या जागीं आणीत नाहीं. तेथें शस्त्रक्रियाच करावी लागते, आणि या शस्त्रक्रियेचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. ग्रूप आणि वॉरन या अमेरिकन दंतवैद्यांनीं १९५६ सालीं शेजारच्या दांतावरची हिरडी बाजूस सरकवून उघडें मूळ झांकण्याची रीति वर्णन केली. स्वीडनमधील ब्यॉर्न यांनीं १९६३ सालीं टाळूवरील कातडें काढून तें हिरडीच्या जागीं बसविण्याचा मार्ग दाखविला. पुढें १९८५ सालीं बर्टन लँगर व लॉरीन लँगर यांनीं त्यांत महत्त्वाची सुधारणा केली. टाळूचें वरचें कातडें न घेतां त्याच्या आंतील तंतुमय थर तेवढा घ्यावयाचा, तो उघड्या मुळावर ठेवावयाचा आणि त्यावर हिरडीचाच पदर ओढून शिवावयाचा, ही ती सुधारणा. यामुळें नवी हिरडी जुन्या हिरडीच्या रंगाशीं मिळून जाते, आणि टाळूवरची जखमहि लवकर भरते. आज या कामांत हीच रीति सर्वांत भरंवशाची समजली जाते.

आंबा लावणाऱ्या कोंकणांतील माणसास ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाहीं, कारण हें कलमच आहे. रुग्णाला भूल फक्त तेवढ्या जागेपुरती दिली जाते. मूळ स्वच्छ करतात. हिरडीचा पदर काळजीपूर्वक सोडवितात. टाळूंतून दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीचा थर काढून मुळावर बसवितात. वरून पदर ओढून अगदीं बारीक टांके घालतात. सारें काम तासा-दीड तासाचें. दहा ते चौदा दिवसांनीं टांके काढतात. तोंवर त्या जागीं ब्रश लावावयाचा नाहीं. औषधी पाण्यानें चुळा भरावयाच्या. मऊ अन्न दुसऱ्या बाजूनें चावावयाचें. आणि काम कसें झालें आहे हें पाहण्यासाठीं ओठ उचलून आरशांत डोकावण्याचा मोह आवरावयाचा.

कलम जगतें कशावर, हा खरा प्रश्न आहे. आंब्याच्या काडीला खुंटाचा रस मिळाला तर ती जगते, नाहीं तर वाळते. हिरडीच्या कलमाची स्थिति त्याहून कठीण आहे. कारण तें ज्या मुळावर बसविलें जातें त्या मुळाला रक्त मुळींच नसतें. खडकावर माती पसरून तींत रोप लावावें तसें तें होतें. पहिले दोनतीन दिवस कलम भोंवतालच्या जखमेंतून झिरपणाऱ्या द्रवावरच तग धरतें. त्यानंतर कडेच्या जिवंत हिरडींतून आणि वरच्या पदरांतून बारीक केशवाहिन्या कलमांत शिरूं लागतात. साधारणपणें आठवडा-दहा दिवसांत रक्ताचा प्रवाह सुरू होतो, आणि मग तें परकें राहत नाहीं. या दहा दिवसांतील प्रत्येक दिवस मोलाचा आहे.

नेमक्या याच दिवसांत रुग्णानें सिगरेट शिलगावली तर काय होतें तें पाहावें. निकोटिनानें रक्तवाहिन्या आकसतात. म्हणजे पाटाचें पाणी अडतें. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड हा वायु रक्तांतील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेंहून अधिक पट घट्टपणें चिकटतो. म्हणजे जें थोडें पाणी आलें तेंहि पोषण न करणारें. जखमेवर पहारा करणाऱ्या रक्तांतील पांढऱ्या पेशी मंदावतात. आणि जखम विणून काढणाऱ्या तंतु-उत्पादक पेशी निकोटिनाच्या सान्निध्यांत नीट चिकटत नाहींत व पुरेसे तंतु तयार करीत नाहींत. शिपाई, गवंडी आणि पाणक्या हे तिघेहि एकदम कामावरून निघून जावेत, आणि घर मात्र उभें राहावें, अशी अपेक्षा कोण करील?

हा केवळ तर्क नाहीं. ब्राझीलमधील दंतवैद्यांनीं थोड्या रुग्णांवर केलेली व २००६ सालीं प्रसिद्ध झालेली एक तुलना याविषयीं बोलकी आहे. टाळूचें कलम न घेतां केवळ हिरडीचा पदर ओढून मूळ झांकण्याची शस्त्रक्रिया दोन गटांवर करण्यांत आली. सहा महिन्यांनीं, धूम्रपान न करणाऱ्यांच्या मुळांचा शेंकडा ९१ भाग झांकलेला आढळला. दिवसाला दहा अथवा अधिक सिगरेटी ओढणाऱ्यांचा शेंकडा ६९. मूळ पूर्णपणें झांकलें गेलें असे रुग्ण पहिल्या गटांत निम्मे होते; दुसऱ्या गटांत एकहि नव्हता. टाळूच्या तंतुमय थराच्या कलमाची अशीच तुलना त्याच वर्षीं प्रसिद्ध झाली. तींत न ओढणाऱ्यांत शेंकडा ९८ व ओढणाऱ्यांत शेंकडा ८२ इतकें आच्छादन मिळालें. कलम घातल्यानें धूम्रपान करणाऱ्यासहि पुष्कळ लाभ होतो, परंतु तो इतरांच्या बरोबरीस येत नाहीं, असाच याचा अर्थ. पुढें २००९ सालीं अशा अनेक अभ्यासांचा एकत्र विचार करण्यांत आला, तेव्हांहि निष्कर्ष हाच निघाला कीं, धूम्रपानानें या शस्त्रक्रियेचें फळ खालावतें.

आतां पुन्हां त्या गृहस्थांकडे यावें. राठ ब्रशानें चार महिने घांसल्यावर कळ अधिकच वाढली, आणि पत्नीच्या आग्रहास्तव ते दंतवैद्यांकडे गेले. डॉक्टरांनीं खुणा असलेल्या बारीक सळईनें प्रत्येक दांताभोंवतीं मोजमाप घेतलें, क्ष-किरणांचें चित्र काढलें, आणि दोन दांतांमधील हाड व हिरडी विशेष बारकाईनें पाहिली. याचें कारण असें कीं, कलम कितपत यशस्वी होईल हें दोन दांतांमधील आधारावर अवलंबून असतें. मिलर या अमेरिकन दंतवैद्यांनीं १९८५ सालीं याच आधारावर सरकलेल्या हिरड्यांचे चार वर्ग पाडले. पहिल्या दोन वर्गांत मधला आधार शाबूत असतो व पूर्ण आच्छादनाची आशा धरतां येते; तिसऱ्यांत अर्धवट; चौथ्यांत जवळजवळ नाहींच. कायरो या इटालियन दंतवैद्यांनीं २०११ सालीं सुचविलेली तीन प्रकारांची नवी वर्गवारी आतां सर्वत्र रूढ होत आहे. परंतु तिचेंहि तत्त्व तेंच. धूम्रपानाचा दुसरा घाव येथेंच बसतो. जो मधला आधार कलमाला हवा, तोच आधार धुरानें वाढलेला रोग आधींच खाऊन टाकीत असतो. जितकी वर्षें लोटावीं तितका रुग्ण पहिल्या वर्गांतून तिसऱ्याकडे जातो.

त्या गृहस्थांच्या सुळ्यापाशीं मधला आधार अद्याप शिल्लक होता. मागच्या दाढांपाशीं मात्र तो खचूं लागला होता. डॉक्टरांनीं विचारलें, "सिगरेटी किती?"

"बारापंधरा."

"मग शस्त्रक्रिया आज ठरवावयाची नाहीं. आधीं सिगरेट सोडा, मग या."

गृहस्थ दुखावले. "डॉक्टरसाहेब, पैसे देण्याची तयारी आहे. संवय माझी, दांत माझे. मग आपल्याला अडचण कसली?"

डॉक्टर शांतपणें म्हणाले, "अडचण अशी कीं, टाळू आपली आणि जखमहि आपलीच. कलम वाळलें तर पैसे गेले याचें दुःख थोडें; पण त्या जागीं व्रण राहतो आणि दुसऱ्यांदा काम करणें अधिक कठीण होतें. शिवाय एका सुळ्याला झांकून मी आपल्याला घरीं पाठविलें, आणि मागच्या चार दाढा पांच वर्षांनीं हालूं लागल्या, तर मी आपल्यावर उपकार केला कीं अपकार?"

या प्रश्नाला गृहस्थांजवळ उत्तर नव्हतें. बाहेर आल्यावर पत्नी एवढेंच म्हणाली, "पंचवीस वर्षें मी सांगत होतें तें दांतांसाठीं नव्हतें. पण दांतांसाठीं सोडलीत तरी चालेल." त्या रात्रीं त्यांनीं पाकीट फेंकून दिलें.

येथें गोष्ट संपली असती तर ती फार सोपी झाली असती. तिसऱ्या आठवड्यांत त्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊं लागलें. जें पंचवीस वर्षांत कधीं आलें नव्हतें तें सिगरेट सोडल्यावर आलें. गृहस्थ घाबरले, सिगरेटच आपल्या हिरड्या संभाळीत होती कीं काय, असेंहि त्यांच्या मनांत आलें. पुष्कळांचा निश्चय याच ठिकाणीं ढांसळतो, म्हणून ही गोष्ट प्रत्येकानें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. धूम्रपान सोडणाऱ्या माणसांच्या हिरड्या तपासून २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसलें कीं, सोडल्यापासून चार ते सहा आठवड्यांत सळई लावतांच रक्त येणाऱ्या जागांचें प्रमाण शेंकडा १६ वरून ३२ वर गेलें, आणि तेंहि दांत पूर्वींपेक्षां स्वच्छ असतांना. हें रक्त नवा रोग नव्हे. आवळलेल्या वाहिन्या मोकळ्या झाल्या, दबलेली सूचना पुन्हां ऐकूं येऊं लागली, इतकेंच. कुत्रा भुंकूं लागला म्हणजे चोर पकडण्याची वेळ आली. अशा वेळीं दांत साफ करून घेतले, हिरडीखालचें किटण काढून टाकलें, मऊ ब्रशानें हलक्या हातानें घांसण्याची रीति शिकून घेतली, म्हणजे तें रक्त थांबतें. आणि या वेळीं तें खरोखर निरोगीपणानें थांबतें.

त्या गृहस्थांनीं तेंच केलें. चार महिन्यांनीं सुळ्यावर कलम झालें. तें जगलें. मूळ संपूर्ण झांकलें गेलें नाहीं. काठावर केसाएवढी रेघ राहिली. ती रेघ पाहून त्यांना खंत वाटली नाहीं. मागच्या दाढा पुन्हां तपासल्या तेव्हां त्यांची झीज थांबली होती, आणि खरी कमाई ती होती.

ज्यांना असा निर्णय करावयाचा आहे त्यांच्यासाठीं चार व्यावहारिक गोष्टी सांगणें अवश्य आहे. पहिली: शस्त्रक्रियेपूर्वीं निदान कांहीं आठवडे आणि नंतर निदान तितकेच आठवडे धूम्रपान पूर्णपणें बंद असलें पाहिजे; पण एवढ्यासाठीं सोडलेली सिगरेट पुन्हां सुरू करणें म्हणजे विहीर खणून ती बुजविणें होय. वर सांगितलेल्या अमेरिकन पाहणींत, सोडून अकरा वर्षें झालेल्यांचा धोका कधींहि न ओढणाऱ्यांच्या जवळपास आलेला आढळला. धीर धरणाऱ्यास निसर्ग क्षमा करतो; पण तो हप्त्याहप्त्यानें करतो. दुसरी: सिगरेटीची संख्या डॉक्टरांपासून लपवूं नये. विडी सौम्य, हुक्क्यांतील धूर पाण्यांतून गाळला जातो, अशा समजुतींना आधार नाहीं, त्याहि सांगाव्या. सोडण्यासाठीं निकोटिनाची गोळी अथवा पट्टी वापरावयाची असेल तर तीहि डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच वापरावी. भारत सरकारची विनामूल्य साहाय्यसेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर मिळते. तिसरी: महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांत, विशेषतः स्त्रियांत, भाजलेल्या तंबाखूची मिश्री हिरड्यांवर चोळण्याची चाल आहे. तीहि तंबाखूच. जेथें ती रोज ठेवावी तेथें हिरडी सरकते, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर वेगळाच. धूर नाहीं म्हणून निर्धास्त राहूं नये. चौथी: उघडें पडलेलें प्रत्येक मूळ शस्त्रक्रियेचेंच काम नव्हे. कळ थांबविणारें मंजन, फ्लोराइडचा लेप, झिजलेल्या जागीं दांताच्या रंगाचें भरण, आणि ब्रशाची बदललेली रीति, एवढ्यानें पुष्कळांचें भागतें. ज्याला सिगरेट सोडणें अद्याप साधलेलें नाहीं, त्याच्यासाठीं तर हेच उपाय अधिक शहाणपणाचे.

मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या दंतमहाविद्यालयासारख्या, १९३३ सालापासून चालत आलेल्या सार्वजनिक संस्थांमुळें दांतांची चिकित्सा केवळ श्रीमंतांची चैन राहिलेली नाहीं. कुशल हात आहेत, बारीक सुया आहेत, उत्तम धागे आहेत. परंतु शस्त्रवैद्य कलम बसवूं शकतो. त्याला पाणी घालणें त्याच्या हातीं नाहीं. तें रुग्णाच्या स्वतःच्या रक्तानेंच घालावें लागतें, आणि तें रक्त शुद्ध व वाहतें ठेवणें हें काम कोणत्याहि डॉक्टराला फी देऊन दुसऱ्याकडून करवून घेतां येत नाहीं.